उबवण्यापूर्वीचा संकल्प

हैदराबादेतील विद्यानगर ही वस्ती उस्मानिया विद्यापीठाच्या शेजाराने वाढली. विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि पुढे अध्यापक, वकील, कारकून, विद्यार्थी अशा नाना भाषा बोलणाऱ्या मंडळींनी नल्लाकुंटा, अडिकमेट, विद्यानगर हा सारा परिसर भरून गेला. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच मोडत असल्यामुळे मराठी कुटुंबांची या शहराशी ओळख जुनी आहे. आज येथे बहुमजली इमारतींची दाटी झाली आहे. तरीही एखाद्या जुन्या घरामागे परस उरलेला असतो, परसात आंबा, कढीलिंब आणि तुळस असते, आणि क्वचित भिंतीला टेकून एक खुराडेही असते. अशा एका घरी दोन-तीन गावठी कोंबड्या आहेत, त्यांपैकी एक खुडूक बसली आहे, आणि कोंबड्यांची संख्या वाढवावी असे घरच्यांच्या मनात आले आहे, अशी कल्पना वाचकांनी करावी.

मग हिशेब सुरू होतो. वाढलेली गावठी तलंग बाजारातून आणावयाची तर शेकडो रुपये मोजावे लागतात. उलट, तेलुगू शेजारी जिला ‘नाटु कोडि’ म्हणतात त्या कोंबडीचे अंडे दुकानातल्या पांढऱ्या अंड्याहून महाग असले, तरी वाढलेल्या पक्ष्याच्या मानाने त्याची किंमत नगण्यच. ओळखीच्या एक-दोन घरांतून डझनभर अंडी आणावीत, खुडूक कोंबडीखाली ठेवावीत, की एकवीस दिवसांनी पिले तयार. इतक्या स्वस्तात कोणती संपत्ती वाढते?

हा हिशेब खोटा नाही. तो अपुरा आहे. जे त्यातून निसटते त्यात एक धर्मप्रश्न दडला आहे असे आम्हांस वाटते. तो प्रश्न असा: ज्या जिवाला आपण आपल्या इच्छेने, आपल्या सोयीसाठी जन्मास आणले, त्याचे आपण काय लागतो?

देवळाशी आणि कुलाचाराशी नाते सांगणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल की खुराड्याची चर्चा येथे कशाला? ग्रामकुक्कुट हा मनुस्मृतीने वर्ज्य ठरवलेला पक्षी आहे, आणि मासळी खाणाऱ्या आमच्या कित्येक घरांतही कोंबडी व अंडे यांना चुलीपाशी मज्जाव होता, हे खरे आहे. परंतु हा पक्षी आमच्या धर्मजीवनाच्या बाहेर कधीच नव्हता. स्कंदाच्या ध्वजावर तोच आहे. कोंकणात आणि गोव्यात गावच्या राखणदाराला कोंबडा देण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. काळाच्या ओघात कित्येक ठिकाणी त्याची जागा नारळाने किंवा कोहळ्याने घेतली. हैदराबादेत आषाढात बोनालूचा उत्सव होतो, त्यातही कोंबड्याचा मान असतो. आणि अंड्याविषयी बोलावयाचे तर ते आता उंबरठ्याबाहेर राहिलेले नाही. उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारीच राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९५८ साली ती कुन्नूरहून हैदराबादेस आली. पोषणाचे शास्त्र घरोघर पोहोचले तसे अंडेही पोहोचले, कोठे उघडपणे, कोठे औषध या नावाखाली. तेव्हा मराठीतले अंडे, कोंकणीतले तांतीं आणि तेलुगूतले गुड्डु या एकाच वस्तूविषयी मोकळेपणाने विचार करण्यास आता संकोच नसावा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. प्रत्येक अंड्यातून पिलू निघत नाही. दुकानात मिळणारी पांढरी अंडी बहुधा पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात. तेथे कोंबडा नसतो. म्हणून ती अंडी कितीही उबवली तरी निर्जीवच राहतात. परसात कोंबड्यासह फिरणाऱ्या गावठी कोंबडीच्या अंड्यात मात्र बीज असते. बलकावरचा तो लहानसा फिकट ठिपका अंडे बाहेर पडताच झोपी जातो. थंड जागी आठवडाभर तो तसाच झोपून राहतो; त्याहून अधिक दिवस गेले तर त्याची शक्ती क्षीण होत जाते. हैदराबादचा उन्हाळा चाळीस अंशांपर्यंत चढतो. तेव्हा तापलेल्या खोलीत ठेवलेल्या अंड्यात तो अर्धवट जागा होतो आणि तसाच मरतो. म्हणून उबवायची अंडी ताजी असावीत, धुऊ नयेत, रुंद टोक वर करून सावलीत ठेवावीत असे जाणते लोक सांगतात. सुमारे साडेसदतीस अंशांची स्थिर ऊब मिळाली म्हणजे मात्र तो ठिपका पुन्हा वाढू लागतो. सातव्या दिवशी अंधारात ते अंडे दिव्यासमोर धरले, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात.

आमच्या मते प्रश्नाचे मर्म याच वस्तुस्थितीत आहे. बीजाचे अंडे खावे की खाऊ नये याविषयी मतभेद पूर्वीपासून आहेत व पुढेही राहतील. परंतु निजलेल्या बीजाला जागे करणे ही निराळी क्रिया आहे, आणि ती घडते आपल्या निर्णयाने. छांदोग्य उपनिषद प्राण्यांची बीजे सांगताना अंडजांचा उल्लेख करते. आमच्या भाषेत पक्ष्यालाही द्विज म्हणतात, कारण तो दोनदा जन्मतो: एकदा अंडे म्हणून, एकदा पिलू म्हणून. परसातल्या कोंबडीच्या बाबतीत पहिला जन्म कोंबा-कोंबडीच्या स्वभावधर्माने होतो. दुसरा जन्म मात्र, जेव्हा आपण दुसऱ्याकडून अंडी निवडून आणतो व मोजून कोंबडीखाली ठेवतो, तेव्हा आपल्या संकल्पाने होतो. पहिल्या जन्माचे आपण साक्षी असू. दुसऱ्याचे आपण कर्ते आहोत.

कर्तेपणाची पहिली कसोटी धीर ही आहे. महाभारताच्या आदिपर्वातील विनतेची कथा वाचकांना ठाऊक आहेच. कद्रूच्या सहस्र अंड्यांतून नाग बाहेर आले. विनतेची दोन अंडी मात्र तशीच राहिली. सवतीची भरलेली कूस पाहून तिला धीर धरवेना आणि तिने एक अंडे फोडले. आत अरुण होता. त्याचा वरचा देह पूर्ण, खालचा अपूर्ण. त्याने आईला दास्याचा शाप दिला आणि निदान दुसऱ्या अंड्याची तरी वाट पाहा असे बजावले. तिने वाट पाहिली, म्हणून गरुड जन्मास आला. कथाकाराने खुराड्यापाशी बसून निरीक्षण केले होते की काय असे वाटावे इतकी ही कथा वास्तवाला धरून आहे. एकविसाव्या दिवशी पिलू कवचाला आतून टोच मारते आणि मग तासन्‌तास स्वस्थ राहते. पाहणाऱ्याला वाटते, बिचारे अडकले, हातभार लावावा. परंतु त्या तासांत कवचाच्या आतल्या पापुद्र्यातील रक्त त्याच्या देहात परतत असते आणि उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जात असतो. घाईने कवच सोलणारा दयाळू माणूस विनतेचेच कृत्य करतो; पिलाला रक्तस्राव होतो आणि ते मरते किंवा पांगळे राहते. दया करण्याआधी दुसऱ्या जिवाचा काळ ओळखावा लागतो, हे कोंबडीला शिकवावे लागत नाही. ती दिवसातून कित्येकदा अंडी चोचीने फिरवते, क्षणभर उठून दाणा टिपते, आणि पुन्हा येऊन बसते. पाली ग्रंथांत बुद्धाने साधकाला हाच दृष्टान्त दिला आहे: कोंबडी नीट बसली, अंडी नीट उबवली, तर पिले बाहेर यावीत अशी इच्छा तिने केली नाही तरी ती येतातच.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे, आणि स्वस्ताईचा हिशेब तेथेच अडखळतो. समजा, बारा अंडी ठेवली आणि त्यांतून आठ पिले निघाली. निसर्गाच्या नियमाने त्यांपैकी सुमारे निम्मी नर असणार. म्हणजे चार कोंबडे. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. घरी तो आधीच असला तर चारही जादा झाले. काही महिन्यांत ते आपसांत रक्त निघेपर्यंत झुंजू लागतात आणि पहाटेच्या आधीपासून आरवतात. विद्यानगरसारख्या दाट वस्तीत ज्याच्या खिडकीपाशी ते आरवतात, त्या शेजाऱ्याचा संयम फार दिवस टिकत नाही. घरच्यांना हवी होती अंडी देणारी तलंग. तिच्याबरोबर तेवढेच कोंबडे आले. त्यांचे काय करावयाचे याचा विचार अंडी आणताना कोणी केला नव्हता.

येथे बहुतेक घरी जे घडते ते आम्ही स्पष्टपणे लिहितो. कोणीतरी ओळखीचा माणूस येतो, पिशवीतून कोंबडे घेऊन जातो, आणि पुढे काय झाले ते विचारावयाचे नाही असा अलिखित करार असतो. ज्या घरी मांस शिजते तेथे निदान ही गोष्ट झाकली जात नाही. परंतु ज्या घरी ते शिजत नाही, तेथे ‘आम्ही मारत नाही’ हे समाधान अबाधित राहते. आम्हांस विचारावेसे वाटते की हे समाधान खरे आहे काय? ज्या कृत्याचे फळ आपण घेतो ते कृत्य दुसऱ्याच्या हातून करवून घेतल्याने आपला हात निर्मळ राहतो, असे कोणते शास्त्र सांगते? करणारा, करवणारा आणि अनुमोदन देणारा यांना वेगवेगळे मोजण्याची सवय आमच्या धर्मविचाराला नाही. मांसाहारी आणि शाकाहारी यांच्यातला वाद आम्ही येथे काढत नाही. आमचे म्हणणे एवढेच की खुराडे बांधल्यावर हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू पडतो, आणि शाकाहाऱ्याला तो अधिक लागू पडतो, कारण त्याला तो दिसत नाही.

हे लहान परसातले चित्र मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे असेल तर अंड्यांच्या धंद्याकडे पाहावे. अंड्यांसाठी निपजलेल्या जातीचा नर ना अंडी देतो, ना मांसासाठी लवकर वाढतो. म्हणून जगभर अशी पिले जन्मल्या दिवशीच मारली जात आली आहेत. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून हे कायद्याने बंद केले, आणि तेथे अंड्यात असतानाच नर-मादी ओळखण्याचे उपाय योजावे लागले. तो देश काही मांस सोडून बसलेला नाही. तरीही केवळ गैरसोयीचा म्हणून जन्मदिवशीच जीव टाकून देणे त्याला सोसवेना. आमच्या गोठ्यांतही हाच प्रश्न आहे. दूध हवे, गाय पूज्य. पण नांगर ट्रॅक्टरने ओढला जाऊ लागल्यापासून गोऱ्हा कोणाला हवा? पुण्याच्या वस्तूबरोबर येणारे नको असलेले माप आम्ही नेहमीच डोळ्यांआड करत आलो आहोत.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली आणि तुलाधार यांची कथा आहे. आमच्या प्रश्नाशी तिचा इतका निकट संबंध आहे की ती येथे आठवल्यावाचून राहवत नाही. जाजली हा तपस्वी खांबासारखा निश्चल उभा होता. त्याच्या जटांत पाखरांच्या जोडीने घरटे केले, अंडी घातली. तो हलला नाही. पिले निघाली, पंख फुटले, उडून गेली. तरी परत येतील म्हणून तो थांबला. ती परत येईनाशी झाली तेव्हा त्याला स्वतःचाच विस्मय वाटला व आपण धर्म साधला असे तो मोठ्याने म्हणाला. त्यावर आकाशवाणी झाली की वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. तुलाधार कोण? हाती तराजू घेऊन बाजारात बसलेला एक वाणी. त्याने जाजलीचा अवमान केला नाही. पाखरांविषयीची त्याची करुणा खरी होती हे मान्य केले. परंतु आपला तराजू सर्व भूतांना सारखाच धरला जातो, हा त्याचा धर्म होता. जिवंत जनावरांना बांधून, नाक टोचून, ओझी लादून त्यांच्यावर जगणाऱ्यांविषयी त्याने कठोर शब्द काढले.

परसात पिले उबवणाऱ्या गृहस्थाला जाजली होणे सोपे आहे. सोनेरी पिसांची पिले आईच्या पंखांखालून डोकावतात, मुले हरखून जातात, आणि आपण सृष्टीला हातभार लावला अशी धन्यता वाटते. ती धन्यता खोटी नव्हे. परंतु तिच्यापुढे तुलाधाराचा तराजू आहे: एका पारड्यात अंडी देणारी तलंग आणि दुसऱ्यात न देणारा कोंबडा. काटा मध्ये राहतो काय, एवढेच पाहावयाचे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. खेड्यात कोंबड्या शतकानुशतके आपल्या आपण अंडी उबवत आल्या. घार पिलू उचलते, मुंगूस रात्री येते, मानमोडीची साथ आली तर खुराडेच्या खुराडे ओस पडते. निसर्ग जेथे एवढा निष्ठुर आहे तेथे चार कोंबड्यांसाठी माणसाने इतका विचार का करावा? आमचे उत्तर असे की निसर्गाने संकल्प केलेला नसतो. घारीने अंडी विकत आणलेली नसतात. ज्याने आणली, मोजली, ठेवली, त्याच्यावर जो भार येतो तो घारीवर येत नाही. शिवाय मानमोडीवर, म्हणजेच राणीखेत रोगावर, आज लस आहे. पिलू आठवड्याचे होण्याच्या सुमारास ती देता येते. उपाय हाती असताना न करणे आणि उपायच नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरा आक्षेप असा की मग गावठी अंडी उबवूच नयेत. सुधारित जातीची पिले विकत घ्यावीत. हैदराबादेतच राजेंद्रनगर येथे केंद्र सरकारची कुक्कुट संशोधनाची संस्था आहे. १९८८ साली ती सुरू झाली आणि परसातल्या पालनासाठी तिने ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ हे पक्षी निपजवले. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. हे पक्षी कितीतरी अधिक देतात, आणि गरीब घरांना त्यांचा आधार झाला आहे. तथापि संकरातून आलेले गुण पुढच्या पिढीत तसेच उतरत नाहीत, आणि अधिक अंड्यांसाठी निवडलेल्या कोंबडीला खुडूक बसण्याचा ओढा फारसा राहत नाही. आईपण हे अंड्यांच्या संख्येतून वजा होते, म्हणून धंद्याने ते वजा केले. गावठी कोंबडी कमी देते, कारण तिच्या वर्षातले कित्येक आठवडे ती आई असते. हे आईपण टिकावे, निरनिराळ्या घरांतली अंडी आणून रक्तही नवे राहावे, यात काहीही गैर नाही. किंबहुना परसात कोंबडी पाळावयाची तर ती अशीच पाळावी असे आम्हांस वाटते. पिले विकत घेऊन नराचा प्रश्न सुटत नाही. तो केवळ आपल्या परसातून दुसऱ्याच्या अंगणात जातो.

तर मग करावयाचे काय? आमच्याकडे कोणतेही कर्म आरंभताना हातात पाणी घेऊन संकल्प सोडतात. देश, काळ, कर्ता आणि हेतू यांचा त्यात स्पष्ट उच्चार असतो, तो यासाठी की पुढे कर्माचे ओझे वाटू लागले तर ‘मी हे ठरवले नव्हते’ असे म्हणण्यास जागा राहू नये. अंडी कोंबडीखाली ठेवण्यापूर्वी गृहस्थाने मनाशी असाच संकल्प करावा. खुराड्यात किती जिवांना हातपाय पसरता येतील? तलंग अंड्यावर येईपर्यंतचे पाच-सहा महिने दाणा कोण घालील? लस कोण टोचून आणील? म्हाताऱ्या कोंबडीचे अंडे बंद झाले म्हणजे तिचे स्थान काय? आणि सर्वांत आधी, कोंबड्यांचे काय? ते शेवटपर्यंत पाळणार असाल तर तितकी जागा हवी, तसा शेजार हवा. खेड्यातल्या एखाद्या घरी कळपासाठी नर हवा असेल तर ते आधीच विचारून ठेवावे. आणि ते कोणाच्या ताटात जाणार असतील तर तेही आधीच ठाऊक असावे, डोळे उघडे ठेवून ठरवावे, आणि तोवर त्यांना दाणापाणी, सावली व निर्भय दिवस यांत उणे पडू देऊ नये. या तीनही उत्तरांत आम्ही समान पुण्य मानतो असे नव्हे. परंतु तीनही उत्तरे आहेत. पिशवी घेऊन येणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवणे हे उत्तर नव्हे.

हा संकल्प प्रामाणिकपणे केला की बहुधा अंड्यांची संख्याच कमी होते. खुडूक कोंबडी बारा अंडी झाकू शकते म्हणून तिच्याखाली बारा ठेवलीच पाहिजेत असे नाही. सहा ठेवली तर चार पिले निघतील, त्यांत दोन कोंबडे असतील, आणि दोन कोंबड्यांची सोय विद्यानगरच्या परसातही विचार करून लावता येते. उरलेली सहा अंडी निजलेलीच राहिली. त्यांच्यासाठी कोणाला काही देणे लागत नाही. कळप सावकाश वाढेल. तो वाढत असताना त्यातल्या प्रत्येक जिवाचा हिशेब घरच्यांच्या तोंडी असेल, आणि कोंबडा कोठे गेला असे मुलाने विचारले तर त्याला खरे उत्तर देता येईल.